पडघ्याच्या शेतातून माहुली: लेन्स कुठली आणि उभं कुठं राहायचं

दिवाळीनंतर भिवंडी तालुक्यातली भातखाचरं मोकळी होतात. पडघ्याजवळ मुंबई-नाशिक महामार्ग सोडून आत शिरलं की कापलेल्या शेतांत पेंढ्याच्या उडव्या दिसतात आणि त्यांच्या मागे, ईशान्येला, सुळक्यांसकट माहुलीचा २८१५ फुटी डोंगर. फोटो काढायचा मोह आवरत नाही. पण घरी येऊन पाहावं तर डोंगर क्षितिजावरची करडी रेघ होऊन बसलेला असतो. असं का होतं, हे एकदा नीट समजून घेतलं की पुढच्या प्रत्येक भटकंतीत उपयोगी पडतं.

मोबाइलचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशोबात साधारण २४ ते २६ मिमीचा असतो. इतक्या रुंद लेन्समध्ये डावी-उजवीकडचं बरंच काही मावतं, त्यामुळे लांबच्या वस्तूला फ्रेममध्ये फार थोडी जागा उरते. ‘०.५’चं बटण दाबलं तर लेन्स १३ मिमीच्या आसपास येते आणि माहुली जवळजवळ नाहीसाच होतो. डोंगराच्या फोटोसाठी ‘सगळं मावतंय’ म्हणून हे बटण दाबणारे खूप भेटतात. माझ्या मते अशा जागी ते दाबूच नये.

आता हा प्रयोग करून पाहा. एका उडवीपासून दहा मीटरवर उभे राहा आणि २४ मिमीवर फोटो घ्या. मग सरळ मागे या, चाळीस मीटरपर्यंत, आणि लेन्स ९६ मिमीच्या जवळ न्या. कॅमेऱ्याची १८-५५ किट लेन्स असेल तर ती दीडपट धरून २७ ते ८२ पर्यंत पोचते, म्हणजे थोडं कमी मागे या. आता दोन्ही फोटो शेजारी ठेवा. उडवी दोन्हींत तेवढीच आहे. माहुली मात्र दुसऱ्या फोटोत चौपट मोठा झालाय! डोंगर कित्येक किलोमीटर लांब. तुम्ही तीस मीटर मागे आलात त्याचा त्याला पत्ताही नाही. उडवीचं अंतर मात्र चौपट झालं, आणि लेन्सनं तिला पुन्हा मूळ आकारात आणताना डोंगरालाही सोबत मोठं केलं. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण तुम्ही कुठं उभे आहात त्यावर ठरतं. लेन्स फक्त त्यातला किती तुकडा घ्यायचा ते ठरवते. म्हणून आधी जागा शोधायची आणि मग झूम. एकाच ठिकाणी खिळून नुसतं झूम करत राहिलात तर हा खेळ हाती लागत नाही.

नुसते सुळके हवे असतील तर १५० ते २०० मिमी लागते. मोबाइलवर दोन बोटांनी ताणलेला झूम बहुतेक वेळा चित्राचा कापलेला तुकडाच असतो. दुपटीपर्यंत चालतो, पुढे चिखल होतो. शिवाय लांब लेन्समध्ये मधली हवा येते. नोव्हेंबर-डिसेंबरात, विशेषतः वारा वाहून गेल्यावर, हवा स्वच्छ मिळते. फेब्रुवारीपासून भातरोपांच्या जागेवर राब भाजायला सुरुवात होते, धूर खाली साचतो आणि २०० मिमीचा फोटो दुधात बुडवल्यासारखा येतो. त्या दिवसांत लांबच्या डोंगराचा नाद सोडून जवळचा फुललेला पळस घ्यावा. हिवाळ्यात दुपारनंतर सूर्य नैर्ऋत्येला उतरतो, म्हणजे पडघ्याकडून पाहताना माहुलीच्या अंगावर तिरकं ऊन असतं आणि घळी, कडे उठून दिसतात. भर दुपारी तोच डोंगर सपाट वाटतो.

या भागात फ्रेम लावताना विजेच्या मनोऱ्यांशी गाठ पडतेच. चंद्रपूरहून सुमारे साडेसातशे किलोमीटर धावत येणारी ५०० किलोव्होल्टची वाहिनी पडघ्यालाच संपते, आणि तिथून तारा चहूकडे जातात. त्या टाळायच्या असतील तर गुडघ्यावर बसा किंवा बांधावर चढा. मनोरा उडवीच्या मागे लपतो. लपत नसेल तर त्याला अर्धवट कडेला लटकत ठेवू नका, पुरता आत घ्या. मोबाइलमधल्या खोडरबरानं तो पुसणं मला पटत नाही. भिवंडीचं आजचं रान तारांचं आणि पत्र्याच्या गोदामांचं आहे, आणि पन्नास वर्षांनी कुणाला ते पाहावंसं वाटेल.

दुगाडजवळचा गुमतारा किल्ला चढायचा असेल तर वाटाड्या घ्या, कारण जंगलात वाटा फुटतात. इथं धुकं मिळालं तर सोन्यासारखं. १७८० च्या डिसेंबरात याच दुगाडच्या परिसरात दाट धुक्याचा आडोसा धरून मराठा सरदार रामचंद्र गणेश यांनी इंग्रजांच्या कर्नल हार्टलेच्या फौजेवर चाल केली होती; धुकं अचानक विरलं, तोफा सुरू झाल्या आणि रामचंद्र गणेश पडले. धुकं किती चटकन उठतं हे त्यावरून लक्षात घ्या आणि कॅमेरा पिशवीत ठेवू नका. धुक्यात रुंद लेन्सला नुसता पांढरा पडदा मिळतो. ७० ते १०० मिमी लावून एकामागे एक विरत जाणाऱ्या डोंगरधारा घ्या आणि एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर कॅमेरा पांढऱ्याला करडं करून टाकतो.

रुंद लेन्सची खरी जागा लोणाडच्या बौद्ध लेण्यात आहे. ओसरीत मागे सरकायला जागा नसते, तिथे २४ मिमी कामी येते. मात्र कॅमेरा वर रोखू नका. तो पातळीत धरला नाही तर खांब मागे पडल्यासारखे दिसतात. वर छत कमी आलं आणि खाली फरशी जास्त आली तरी चालेल, नंतर कापता येते. कोरीव पट्टासाठी ५० मिमी, फ्लॅश बंद, आणि उजेड एका बाजूनं शिल्पावर सरकेल असे उभे राहा. समोरून पडलेल्या उजेडात कोरीवकाम उमटत नाही. हे आता खंडेश्वरी देवीचं ठाणंही आहे, तेव्हा पूजा चालू असेल तर थांबा.

सगळ्या लेन्स पाठीवर घेऊन चढू नका. एका रविवारी फक्त ५० मिमी न्या. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँनं आयुष्यभराचं बहुतेक काम याच एका लेन्सवर केलं. झूम नसला की पाय आपोआप हलतात.

मागे सरकताना स्क्रीनवर डोळे ठेवून चालू नका, कड्याच्या काठावर तर अजिबात नाही. आणि शेतात भारे बांधणाऱ्या बायामाणसांचा फोटो घेण्याआधी त्यांना विचारा. हो म्हणाले तर पुढच्या खेपेस त्याची एक छापील प्रत त्यांना नेऊन द्या.