भाकरी, मजुरी आणि मालक



मंडणगड तालुक्यात पोटासाठी मुंबई न गाठलेले घर विरळाच. पावसावरची भातशेती वर्षभर पुरत नसे. घर चालायचे ते मुंबईच्या मनीऑर्डरीवर. त्या मनीऑर्डरीचा पैसा बहुतेक खाजगी गिरण्यांतून येई. कावसजी दावर यांची मुंबईतील सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे लालबाग-परळ कोकणी माणसांनी भरून गेले. गिरणी नफ्यासाठी काढली होती. तरी तिच्यामुळे आपल्याकडच्या चुली पेटल्या. दानाने एक दिवस निभावतो, कामाने माणूस मान वर करून जगतो.

जगातही हेच दिसते. १९९० मध्ये तीन माणसांमागे एकाहून अधिक जण अतिदरिद्री होते. आज दहांमागे सुमारे एक. यात शेतीसुधारणा, शाळा व सरकारी योजनांचा वाटा आहेच. पण चीन, बांगलादेशासारख्या देशांत लाखो हातांना काम दिले ते कारखान्यांनी.

मग धंद्याला सर्व काही माफ आहे काय? नाही. त्याच गिरण्यांत आठवड्याची सुटीही नव्हती. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना एकत्र केले. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्र काढले. खाजगी मालमत्तेचा हक्क त्यांनी मान्य केला. पण मजुराचा चरितार्थ चालेल इतकी मजुरी आणि विश्रांती हा त्याचा हक्क आहे, असेही बजावले.

१९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. अनेकांना पुन्हा काम मिळालेच नाही. कित्येक रिकाम्या हातांनी गावी परतले. मालक-मजुरांतील विश्वास तुटला की दिलेली भाकरीही हिरावली जाते.

आपण म्हणू, आम्ही कुठे गिरणीमालक? पण आंबे उतरवायला गडी लावतो, दुकानात मुलगा ठेवतो, घर बांधताना बिगारी बोलावतो, तेव्हा आपणही मालकच असतो. गरिबाची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे अनुवाद ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात सांगितले आहे.

या आठवड्यात घरी विचार करू या :
१. आपल्याकडे कोणाची मजुरी थकली आहे काय?
२. आपण देतो त्या मजुरीत आपले घर चालले असते काय?
३. गावातच चार जणांना काम मिळेल असा कोणता धंदा आपण मिळून उभा करू शकतो?