ईदगाहपर्यंत

१. मुलाला नमाज आईनेच शिकवावी. तलाक झाला तेव्हा माझा पोरगा पाच वर्षांचा. पुढच्या ईदला त्याने ईदगाहला जायचा हट्ट धरला. आमच्या मिरजेतल्या गल्लीतून बायका तिकडे जात नाहीत. रोजची नमाज मला पाठ, ईदची कधी पढलेलीच नाही. हनफी पद्धतीत तिला सहा तकबिरी जादा: पहिल्या रकातीत सुरुवातीला तीन, दुसरीत रुकूच्या आधी तीन. पुस्तक उघडलं, शिलाई मशीन भिंतीला सरकवलं आणि दोघांनी जानमाजवर तालीम केली. दुसऱ्या रकातीत हा दरवेळी थेट वाकायचा. ईदच्या सकाळी मामूचं बोट धरून गेला, आला तो ओरडतच, "अम्मी, पुढचे चाचापण चुकले!"

२. "अब तूच घर का मर्द" म्हणणाऱ्याला तिथंच थांबवावं. मी नाही थांबवलं. उलट नऊ वर्षांच्या पोरासमोर लाइटबिल, घरभाडं मांडत बसायचे. एकदा कंपासपेटीत सहलीची चिठ्ठी सापडली, बारीक घडी घातलेली. तारीख उलटून गेली होती. त्याने पैसे मागितलेच नव्हते.

३. "सात वर्षांचा झाला की पोरगा बापाचा," असं नातेवाईक ऐकवतात. शरियतीत हनफींचा नियम तसा आहे खरा. पण ताब्याचा दावा कोर्टात गेला की १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यात मुलाचं हित आधी बघतात. पोटगीचंही तेच. आईला मिळो न मिळो, अज्ञान मुलाचा खर्च बापाकडून मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच ते स्पष्ट केलंय. मला हे वकीलबाईंनी सांगेपर्यंत तीन वर्षं फुकट गेली.

४. बापाबद्दल पोरासमोर वाईट बोलू नये. मला निम्म्या वेळा जमलं.

५. जिथे आपल्याला जाता येत नाही, तिथलं त्याला विचारावं. नाना गेले तेव्हा तो चौदाचा. जनाजा उचलला, मी उंबऱ्यात थांबले. तो खांदा द्यायला पुढे झाला. उंची कमी पडत होती, म्हणून मामूने त्याला मागच्या बाजूला घेतलं. परतला तेव्हा नखांत माती. आत कोण उतरलं, तोंड नीट किबल्याकडे केलं का, तू मिट्टी किती वेळा दिलीस, मी विचारत राहिले. तो पायरीवर बसून एकेक सांगत गेला. मग म्हणाला, "अम्मी, भूक लागलीय."