समुद्राच्या पोटातील पठार

रोह्याहून वाहत गेलेली कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते, तेव्हा डोंगर संपले असे वाटते. परंतु समुद्राच्या पोटातही पठारे असतात. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर असे एक पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास 'आंग्रिया बँक' म्हणतात. (ही बँक पैशांची नव्हे, बँक म्हणजे उथळ सागरतळ!) त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटर असून त्यावर प्रवाळांची वस्ती आहे.

तेथे उतरणारा पाणबुड्या पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी बांधतो. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तेथील श्वास छातीत कोंडून वर आल्यास ती हवा फुगते व फुप्फुस फाटू शकते. घाई केल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनाचे बुडबुडे होतात. म्हणून वर उजेड दिसत असला, तरी पाणबुड्या अखंड श्वास घेत सावकाश वर येतो.