नवी रॅम टाकली आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला? रॅमला दोष देण्याआधी चार चाचण्या करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या कॉम्प्युटरला जादा रॅम कशी बसवायची ते पाहिलं. आता त्याच्या पुढचा धडा. रॅम बसवली, कॉम्प्युटर सुरू झाला, पण दोन दिवसांनी मध्येच निळी स्क्रीन यायला लागली. तर करायचं काय? तुम्ही रिपेअरिंगचं दुकान टाकणार असाल तर हे यायलाच हवं. आणि किराणा, मेडिकल किंवा हॉटेल चालवणार असाल तरी वाचा, कारण काउंटरवरचा कॉम्प्युटर बंद म्हणजे धंदा बंद.

आधी माझी चूक सांगतो

जुलैचा पहिला शनिवार होता. लोणावळ्यात पावसाळ्यातला शनिवार म्हणजे काय, ते इथल्या दुकानदाराला सांगायला नको. भुशी डॅमवरून भिजून आलेली मंडळी घरी जाताना चिक्की घेतात. अशाच एका चिक्कीच्या दुकानात मी बुधवारी जुन्या ४ जीबीच्या जोडीला नवी ८ जीबी रॅम बसवली होती. स्क्रीनवर १२ जीबी दिसले, मी पैसे घेतले आणि निघालो.

शनिवारी संध्याकाळी काकांचा फोन. "अरे, निळी स्क्रीन आली! दारात गिऱ्हाईक उभं आहे. बिलं काय आता पाटीवर लिहू का?"

धावत गेलो. नवी रॅम काढली, कॉम्प्युटर चालला. मी छातीठोकपणे सांगितलं, "काका, नवी रॅम खराब आहे." सोमवारी ती विक्रेत्याकडे नेली. त्याने माझ्यासमोर आपल्या मशीनवर कितीतरी वेळ तपासली. एकही एरर नाही! परत आणून त्याच जागी बसवली आणि गुरुवारी पुन्हा तेच. या वेळी बिलिंगची डेटा फाइलच बिघडली. शेवटचा बॅकअप १५ जूनचा. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा होता, म्हणून काकांच्या सूनबाईंनी दोन रात्री जागून छापील प्रतींवरून बिलं पुन्हा टाकली. मला कोणी काही बोललं नाही, पण मान वर करायची सोय नव्हती.

दोष रॅमचा नव्हता, स्लॉटचा होता. दुसऱ्या स्लॉटमध्ये कित्येक वर्षांत काही बसवलंच नव्हतं. आत धूळ आणि आपल्याकडची दमट हवा. "काढली आणि चाललं" एवढ्यावरून मी निकाल दिला होता. रॅम काढली की स्लॉटही रिकामा होतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पायरी १ : आधी डेटा वाचवा

मशीन पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. मेमरीत चूक असेल तर चुकीचा डेटा डिस्कवर लिहिला जातो. नवी रॅम काढा, जुन्यावर मशीन सुरू करा आणि बिलिंगचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या. शक्य असेल तर दोन प्रती करा. मगच पुढचं काम.

पायरी २ : जात आणि माप बघा

डेस्कटॉपच्या डीडीआर-३ ला २४० पिन आणि डीडीआर-४ ला २८८ पिन असतात. खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावू नका. डीडीआर-३ साधारण १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर-४ १.२ वर. मदरबोर्ड एका स्लॉटमध्ये किती जीबी घेतो ते त्याच्या माहितीपुस्तिकेत बघा. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरलीच जात नाही, पैसे वाया.

पायरी ३ : स्वच्छ करून नीट बसवा

मशीन बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. रॅमच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्लॉटमधली धूळ ब्लोअरने काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. बसवताना क्लिपचा टक् आवाज आला पाहिजे.

पायरी ४ : चार चाचण्या

दोन रॅम, दोन स्लॉट. एका वेळी एकच रॅम लावायची :

१. जुनी रॅम, पहिला स्लॉट
२. नवी रॅम, पहिला स्लॉट
३. जुनी रॅम, दुसरा स्लॉट
४. नवी रॅम, दुसरा स्लॉट

प्रत्येक वेळी निकाल कागदावर लिहा. डोक्यात ठेवू नका. काही बोर्डांना ठरावीक स्लॉट आधी भरावा लागतो, तेही पुस्तिकेत बघा.

आता कागद वाचा :

- नवी रॅम दोन्ही स्लॉटमध्ये फेल, जुनी दोन्हीकडे पास : नवी रॅम खराब. बिल आणि स्टिकर घेऊन वॉरंटीत बदलून घ्या.
- दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही रॅम फेल, पहिल्यात दोन्ही पास : दोष स्लॉटचा, बोर्डाचा किंवा प्रोसेसरच्या पिनांचा. आधी स्लॉट साफ करून पुन्हा तपासा.
- एकेकट्या चारही वेळा पास, पण एकत्र लावल्या की फेल : जोडी जुळत नाही. बायोसमध्ये डिफॉल्ट सेटिंग करा, एक्सएमपी चालू असेल तर बंद करा, वेग कमी करून बघा. तरी नाही जमलं तर एकसारखी जोडी घ्या.
- चारही फेल : रॅमचा नाद सोडा. एसएमपीएस, गरम होणं, बोर्ड, आणि कॅबिनेट उघडताना सैल झालेली एखादी वायर तपासा.

पास कधी म्हणायचं?

दहा मिनिटं चाललं म्हणजे पास नाही. मी तिथेच फसलो. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक ही झटपट तपासणी. पक्कं करायचं तर मेमटेस्ट-८६ पेन ड्राइव्हवर घेऊन दुकान बंद झाल्यावर रात्रभर चालवा, निदान चार फेऱ्या. एक जरी एरर आली तरी फेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच बदल. साफसफाई, ड्रायव्हर, विंडोज सगळं एकदम केलं तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

आता धंद्याचं बोलू

काकांच्या स्लॉटची सफाई केली, रात्रभर चाचणी चालवली, सकाळी शून्य एरर. त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. पण तेव्हापासून तीन नियम पाळतो :

- जॉब कार्ड. शेवटचा बदल काय, कधी, कोणी केला आणि चाचण्यांचे निकाल, हे सगळं लिहून गिऱ्हाइकाला एक प्रत द्यायची.
- निदानाचा दर वेगळा, आणि आधी सांगायचा. रात्रभर मशीन तपासणं हे काम आहे. फुकट केलंत तर तुम्हीच ते घाईत उरकाल.
- बॅकअपशिवाय कॅबिनेट उघडायचं नाही. आणि शुक्रवार ते रविवार गिऱ्हाइकाच्या चालू मशीनला हात लावायचा नाही. सोमवारी या म्हणून सांगा.

दुकानदारांनो, तुम्हीही एक करा. "हा पार्ट खराब आहे" असं कोणी म्हणालं, तर विचारा, "दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघितला का?" आणि मावळात पावसाळ्यात कॉम्प्युटर जमिनीवर, ओल्या भिंतीला किंवा दाराशी ठेवू नका. धुकं सरळ दुकानात येतं. लाइट सारखी जात असेल तर यूपीएस हवाच.

गृहपाठ : आज दुकान बंद करताना बिलिंगचा बॅकअप घ्या आणि दुसऱ्या मशीनवर तो उघडतोय का ते बघा. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा जोरात करा, पण घाईत नको!