शस्त्रक्रियेपूर्वीची भीती आणि आभासी दृश्यांचा उपयोग

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री अनेक रुग्णांना झोप लागत नाही, हे रात्रपाळीच्या परिचारिकांना ठाऊक असते. ही भीती केवळ मनापुरती राहत नाही. तिच्यामुळे नाडीचे ठोके व रक्तदाब वाढतो आणि शस्त्रक्रियेनंतरची वेदनाही अधिक जाणवते. गोळी देता येते. परंतु तिने गुंगी येते व वृद्धांमध्ये भ्रम होण्याचा धोका असतो.

या भीतीवर 'आभासी वास्तव' हे साधन आता वापरले जाते. डोळ्यांवर मोठ्या चष्म्यासारखे यंत्र बसवितात. रुग्ण मान वळवील तिकडे त्यास समुद्रकिनारा वा वनराई दिसते आणि कानांवर संथ श्वसनाच्या सूचना येतात. अमेरिकेत सिएटल येथे हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात भाजलेल्या रुग्णांच्या जखमा साफ करताना हे साधन वापरले. त्यांच्यासाठी बनविलेले जग बर्फाचे होते, हे विशेष! माणसाचे अवधान मर्यादित असते. ते दुसरीकडे गुंतले की वेदनेला व भीतीला कमी उरते, हे त्यामागील तत्त्व.

पाठीच्या कण्यात भूल देऊन होणाऱ्या शस्त्रक्रियांत रुग्ण जागा असतो, हत्यारांचे आवाज ऐकतो. तेथे याचा उपयोग विशेष संभवतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यावरच काम असल्याने हे यंत्र फार तर आधी वापरता येते. अपस्मार, चक्कर किंवा चेहऱ्यावर जखम असल्यास ते टाळावे.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता यंत्राची किंमत हा लहान भाग आहे. प्रत्येक रुग्णानंतरचे निर्जंतुकीकरण, मराठी सूचनांचे ध्वनिमुद्रण व परिचारिकेचा वेळ हा आवर्ती खर्च आहे. यंत्र देणगीत मिळते. हा खर्च सहसा मिळत नाही.

बोस्टन येथे १९६४ साली लॉरेन्स एग्बर्ट व सहकाऱ्यांनी ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भूलतज्ज्ञांनी ज्यांना वेदनेविषयी आधी समजावून सांगितले, त्यांना शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मेच लागले. त्यास यंत्र लागले नव्हते. म्हणून भूलतज्ज्ञांची आदल्या दिवशीची भेट आधी, यंत्र नंतर, असाच क्रम आम्हांस योग्य वाटतो.

नेदरलँड्समध्ये १९९६ साली तयार झालेली सहा प्रश्नांची प्रश्नावली भीती मोजण्यास पुरेशी आहे. चार प्रश्न भीतीविषयी, दोन माहितीच्या इच्छेविषयी. ज्यास माहिती हवी आहे, त्याच्या डोळ्यांवर समुद्रकिनारा ठेवून भागणार नाही. रुग्णास पूर्वी झटके वा चक्कर येत असल्यास नातेवाइकांनी ते दाखल करतेवेळीच सांगावे, ही विनंती.