व्याख्या कशी करावी व कशी तपासावी

“पक्षी म्हणजे उडणारा प्राणी,” असे वर्गात सांगितले जाते व मुले ते पाठ करतात. मग एखादा मुलगा विचारतो, “गुरुजी, वटवाघूळ उडते; मग ते पक्षी का नाही?” त्यास गप्प बसविले, तर पाठांतरापुढे डोळ्यांनी पाहिलेले व्यर्थ, असा घातक धडा तो शिकतो. वस्तुतः दोष त्याच्या शंकेत नसून व्याख्येत आहे.

व्याख्येची अंगे : व्याख्येत प्रथम वस्तूची जाती सांगावी; नंतर त्या जातीतील इतरांपासून तिला वेगळा करणारा धर्म सांगावा.

व्याख्येचे दोष : अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’वरील आपल्या ‘दीपिका’ टीकेत हे दोष गाईच्या उदाहरणाने दाखविले आहेत.

(१) अतिव्याप्ती – ‘शिंगे असते ती गाय’ म्हटल्यास म्हैसही गाय ठरते.
(२) अव्याप्ती – ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटल्यास पांढरी गाय वगळली जाते.
(३) असंभव – ‘अखंड खुराची ती गाय’ म्हटल्यास एकही गाय सापडत नाही. अखंड खूर घोड्याचा.

यांखेरीज चक्राकार व्याख्याही टाळावी. ‘शेतकरी म्हणजे शेती करणारा’ व ‘शेती म्हणजे शेतकऱ्याचे काम’ या दोहोंतून नवे ज्ञान काहीच मिळत नाही.

आता मूळ उदाहरण पाहू. ‘उडणारा प्राणी’ यात वटवाघूळ शिरते, ही अतिव्याप्ती. न उडणारे शहामृग बाहेर राहते, ही अव्याप्ती. एकाच वाक्यात दोन्ही दोष आहेत. ‘पाठीचा कणा व अंगावर पिसे असलेला प्राणी’ म्हटले की दोन्ही दूर होतात. वटवाघळास पिसे नसतात; शहामृगास असतात.

पाठाचा क्रम : व्याख्या आधी सांगू नये. प्रथम उदाहरणे मांडावीत, मुलांकडूनच व्याख्या करवावी, फळ्यावर लिहावी आणि दोन प्रश्न विचारावेत : नको ते आत आले काय? हवे ते बाहेर राहिले काय? उत्तरानुसार मुलांनीच ती दुरुस्त करावी. शंका काढणाऱ्या मुलास या पाठात मानाचे स्थान असावे.

स्वाध्याय : ‘चारही बाजू समान असलेला चौकोन म्हणजे चौरस’ ही व्याख्या तपासण्यास सांगावी. चार समान काड्यांची टोके दोऱ्याने बांधून चौकट करावी व ती तिरकी दाबावी. बाजू समानच राहतात, पण चौरस मोडतो. व्याख्येत कोणता शब्द राहून गेला, हे मुले आपण होऊन सांगतील.