छिन्नमनस्कता : शरीर आणि मन यांचा संयोग

अंबरनाथ-उल्हासनगरच्या परिसरास पाणी पुरविणारें बारवी धरण पावसाळ्यांत भरून वाहूं लागतें, तेव्हां तें जलाशयाच्या मर्यादेमुळें वाहिलें कीं पावसामुळें, असा वाद कोणी घालीत नाहीं. दोहोंचा संयोग झाल्यावांचून पाणी सांडव्यावरून जात नाहीं, हें उघड आहे. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, या विकाराविषयीं मात्र लोक एकच कारण शोधीत बसतात. कोणी म्हणतो, रक्तांतच दोष. कोणी म्हणतो, आईबापांनीं नीट वाढविलें नाहीं. कोणी बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे धांवतो. यांत रोग्याचीं मोलाचीं वर्षें फुकट जातात.

हा विकार बहुधा ऐन तारुण्यांत उद्भवतो. रोग्यास नसलेले आवाज ऐकूं येतात, निराधार संशय येतात, विचारांची सांखळी तुटते, आणि तो हळूहळू माणसांपासून दूर जातो. १९०८ सालीं ब्लॉयलर या स्विस वैद्यानें विकारास हें नांव दिलें. एका देहांत दोन व्यक्ति नांदणें, असा त्याचा अर्थ नव्हे. विचार, भावना व वर्तन यांचा मेळ सुटणें, असा होय.

सर्वसामान्य लोकांत शंभरांत सुमारें एकास हा विकार होतो. आई किंवा बाप रोगी असल्यास मुलांत तेंच प्रमाण शंभरांत सुमारें १० होतें. आणि समरूप जुळ्यांपैकीं एकास झाल्यास दुसऱ्याच्या बाबतींत ४० ते ५० पर्यंत जातें. जुळ्यांचें बीज एकच, तरी निम्मे बचावतात! तेव्हां जन्मतः येते ती प्रवणता, रोग नव्हे. गर्भावस्थेंतील कुपोषण, प्रसूतींतील अडचणी, बालपणींचे आघात, कोवळ्या वयांतील गांजाचें व्यसन, यांनीं धोका वाढतो.

हीं दोन अंगें एकत्र येतात कशीं? ताणामुळें मेंदूंतील डोपामीन हें द्रव्य वाढतें. तें अवाजवी वाढलें म्हणजे क्षुल्लक गोष्टही अर्थपूर्ण भासते. रस्त्यांत कोणी खोकला, तरी ती आपल्यासाठींच खूण वाटते. मन तिला आपल्या जुन्या भीतीप्रमाणें अर्थ लावतें. भीतीनें झोंप उडते, एकटेपणा वाढतो, आणि ताण पुन्हां मेंदूवर येतो.

म्हणून उपायही दुहेरी हवा. १९५२ पासून या विकारावर गुणकारी औषधें उपलब्ध झालीं. पण घरीं सतत टीका सोसणाऱ्या रोग्यांत विकार अधिक वेळां उलटतो, असें लंडनमधील संशोधनांत आढळलें. आईबाप रोगाचें कारण नव्हेत; परंतु बरें होण्यांतील मोठे सहाय्यक खचित आहेत. कॅनडांतील कॅलगरी येथें प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस हा विकार होता. त्यांनीं दुःख लपविलें नाहीं. पुण्यास रोग्यांच्या कुटुंबांसाठीं संस्था काढली, व २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटास साह्य केलें.

पालकांनीं मुलाचें अबोल होणें, झोंप उडणें, अभ्यास एकाएकीं ढासळणें, हा केवळ आळस समजूं नये. १९०१ पासूनचें ठाण्याचें मनोरुग्णालय आपल्यापासून दूर नाहीं. १४४१६ या दूरध्वनीवरही विनामूल्य सल्ला मिळतो. आणि बालमित्रहो, कोणास ‘वेडा’ म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबा. पाऊस थोपविणें आपल्या हातीं नसेल; पण त्या शब्दाची भर न घालणें तरी आहे.